हुकूमशहाला ओसरी कोण देतं?

मागच्या अंकात १ सप्टेंबर १९३९ वर, म्हणजे जर्मनी पोलंडमध्ये घुसली त्या दिवसावर, दीड पान लिहिलं होतं. मला वाटलं नेहमीसारखी दोन-चार पत्रं येतील, पण टपाल, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप धरून एवढं आलं की संपादकबाई म्हणाल्या सर, या वेळचं अख्खं सदर यावरच करा. करतो. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला पण मुलांनी कधी एवढे प्रश्न विचारले नाहीत, रिटायर झाल्यावर विचारतायत सगळे. पत्रं थोडी आखडली आहेत, नावं काढून फक्त गाव ठेवलंय.

नाशिकरोड : सर नमस्कार. मी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालो. आमच्यात कायम बोललं जायचं की जर्मनीने नोटा छापून छापून देश बुडवला आणि म्हणून हिटलर आला. हे कितपत खरंय?

काका, नाशिकरोडच्या माणसाला नोटांबद्दल मी काय सांगणार, तरी सांगतो. अर्धं खरंय, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

१९१४ ला एक डॉलर म्हणजे ४.२ मार्क. नोव्हेंबर १९२३ ला एक डॉलर म्हणजे ४.२ लाख कोटी मार्क. आकडा तोच, फक्त बारा शून्यं वाढली. त्या वर्षी जानेवारीत पहिल्या महायुद्धाची भरपाई थकली म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमने जर्मनीचा रूर हा कोळशाचा पट्टा ताब्यात घेतला, जर्मन सरकारने कामगारांना सांगितलं काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो, आणि तो पगार द्यायला नोटा छापल्या. तुमच्याकडे एकेका शीटचा हिशोब लागतो ना, तिथे शंभरावर खासगी छापखाने नोटा छापायला लावले होते आणि पुष्कळ नोटा एकाच बाजूने छापलेल्या, दुसरी बाजू कोरी, तेवढाच वेळ वाचतो. पावाची लादी बर्लिनमध्ये २०० अब्ज मार्कांच्या आसपास गेली. ज्याने आयुष्यभर पै पै साठवली त्याची पुंजी पोस्टाच्या तिकिटाला पुरेना. ज्याच्यावर कर्ज होतं तो मात्र एका आठवड्यात कर्जमुक्त. मध्यमवर्गाच्या डोक्यात हे जे बसलं ते कधी निघालं नाही.

पण आता तारखा बघा. नेमका त्याच नोव्हेंबरात, ८ आणि ९ तारखेला, हिटलरने म्युनिकमध्ये बंड करून पाहिलं आणि सपशेल आपटला. पाच वर्षांची शिक्षा झाली, नऊएक महिन्यांत बाहेर आला, ती एक वेगळीच चीड आणणारी गोष्ट आहे. नवीन चलन आलं, गाडी रुळावर आली, आणि १९२८ च्या निवडणुकीत याच्या पक्षाला मतं किती? २.६ टक्के. जागा १२. म्हणजे महागाईने हिटलर आला म्हणावं तर मधली पाच वर्षं लोक काय करत होते?

आला तो नोटा जास्त झाल्या तेव्हा नाही, नोटा हातात येईनाशा झाल्या तेव्हा. १९२९ ला अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, अमेरिकेने जर्मनीला दिलेली कर्जं परत मागितली, कारखाने बंद, आणि १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख बेकार. चान्सलर, म्हणजे तिकडचे पंतप्रधान, ब्रूनिंग होते, त्यांना १९२३ ची एवढी धास्ती की त्यांनी उलटं केलं, पगार कापले, पेन्शन कापली, खर्च आवळला. दुष्काळात तेरावा महिना. १९३० मध्ये नाझींच्या जागा १२ वरून १०७, जुलै १९३२ मध्ये २३०. तुमच्या प्रेसमधल्या मित्रांना सांगा, मशीन जास्त चालण्याइतकंच मशीन बंद पडणंही धोक्याचं.

निफाड : आमचा कांदा आणि थोडी द्राक्षं. तुम्ही लिहिलं की शेतकऱ्यांनी हिटलरला भरभरून मतं दिली. शेतकरी एवढा येडा असतो का सर?

दादा राग धरू नका. येडा नव्हता, पिचलेला होता. आणि सगळ्या जर्मनीतला नाही, कॅथलिक भागातल्या शेतकऱ्यांनी आपला जुना पक्ष बऱ्यापैकी धरून ठेवला. मी लिहिलं ते उत्तरेच्या प्रोटेस्टंट भागाबद्दल, खास करून डेन्मार्कला लागून असलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइनबद्दल. डुकरं, गुरं, दूध यावर जगणारा मुलूख. महागाईच्या काळात यांचं जुनं कर्ज फिटलं होतं, मग नव्या चलनात नवीन कर्ज काढलं, चढ्या व्याजाने, आणि १९२७-२८ पासून भाव पडायला लागले. पुढचं तुम्हाला लासलगावात उभं राहून सांगायची गरज नाही. हप्ते थकले, कर थकले, जप्ती, लिलाव. शेतकऱ्यांनी नांगर आणि तलवारीचं चिन्ह असलेला काळा झेंडा काढला, कर भरायचा नाही म्हणून मोर्चे काढले, कुणी तर सरकारी ऑफिसांवर बॉम्ब टाकले. आणि मोठे पक्ष काय करत होते? शहरातला पाव स्वस्त ठेवायचा की गावातला भाव सांभाळायचा यात अडकलेले, आणि गावात कुणी फिरकत नव्हतं. नाझी फिरकले. एकेका गावात सभा, तिथल्याच ओळखीच्या माणसाला उभं करायचं, गायींच्या भावावर बोलायचं.

१९२८ मध्ये त्या भागात नाझींना चार टक्के मतं होती. जुलै १९३२ मध्ये ५१ टक्के. चार वर्षांत.

आणि मिळालं काय ते पण ऐका. सप्टेंबर १९३३ मध्ये कायदा आला, ठराविक आकाराची शेती कायमची एकाच वारसाची, विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, लिलावही होणार नाही. ऐकायला झकास. पण गहाण नाही म्हणजे कर्ज नाही, बाकीच्या पोरांना हिस्सा नाही, आणि काय पिकवायचं, कुणाला कितीला विकायचं हे ठरवणारी एकच सरकारी संस्था, तिच्याबाहेर माल विकला तर दंड. सुरुवातीला भाव बरे मिळाले हे मान्य करायला पाहिजे, नंतर मात्र गावातली पोरं शहरात बंदुका बनवायच्या कारखान्यात जायला लागली कारण तिथे पगार जास्त, आणि शेतात माणूस मिळेना. आगीतून फुफाट्यात.

कॉलेज रोड : सर मी अकरावीत आहे. आमच्या टेस्टला एक मार्काचा प्रश्न होता, हिटलर निवडणूक जिंकून सत्तेवर आला, चूक की बरोबर. मी चूक लिहिलं, मार्क गेला. मी चुकले का?

बाळा, तुझ्या मॅडमना हे पान दाखव, पण भांडू नकोस.

निवडणुकीत पहिला आला हे खरं. पण बहुमत त्याला एकाही मोकळ्या निवडणुकीत मिळालं नाही. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के, तो त्याचा कळस. नोव्हेंबर १९३२ ला पुन्हा निवडणूक झाली तेव्हा तो ३३ वर घसरला होता, जागा २३० वरून १९६, सुमारे २० लाख मतं कमी. पक्षाची तिजोरी रिकामी. म्हणजे उतरणीला लागलेला माणूस होता तो.

मग आला कसा? फॉन पापेन नावाचा एक माजी चान्सलर, त्याला घालवून चान्सलर झालेल्या श्लायखरचा सूड घ्यायचा होता, त्याने म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाला, हिंडेनबर्गला, पटवलं की याला चान्सलर करा, मी उपचान्सलर होतो, मंत्रिमंडळात त्याची माणसं त्याला धरून फक्त तीन, बाकी सगळे आपले, जातो कुठे? ३० जानेवारी १९३३ ला नेमणूक झाली. नेमणूक, हा शब्द लक्षात ठेव.

आपल्याकडे म्हण आहे, कोकणात नाशकात सगळीकडे म्हणतात, ओसरी दिली की हातपाय पसरी. बरोबर चार आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, संसदेच्या इमारतीला आग लागली, दुसऱ्या दिवशी वटहुकूम काढून बोलण्याचं, छापण्याचं, सभेचं सगळं स्वातंत्र्य गुंडाळलं, हजारो कम्युनिस्ट आत टाकले. ५ मार्चला निवडणूक घेतली, रस्त्यावर दंडुके, विरोधकांची वर्तमानपत्रं बंद, आणि तरीसुद्धा ४३.९ टक्केच! २३ मार्चला ‘संसदेशिवाय कायदे करायचा अधिकार मला द्या’ असं बिल आणलं. सभागृह जळालेलं म्हणून एका ऑपेरा थिएटरात बैठक, आत नाझींचे गणवेशातले गुंड उभे. कम्युनिस्टांचे ८१ निवडून आलेले, त्यातला एकही सभागृहात नाही, तुरुंगात नाहीतर भूमिगत. बिलाच्या बाजूने ४४४, विरोधात ९४. ते ९४ सगळेच्या सगळे सोशल डेमोक्रॅट, आणि त्यांच्या वतीने ऑटो वेल्स उठून बोलला तेव्हा त्याच्या खिशात विषाची कुपी होती असं सांगतात, ती होती की नव्हती सोडून दे, त्या हॉलमध्ये उठून नाही म्हणायला काय लागलं असेल विचार कर.

पापेनसाहेबांचं काय झालं? ३० जून १९३४ च्या रात्रीपासून हिटलरने स्वतःच्याच पक्षातले आणि बाहेरचे नकोसे लोक मारायला सुरुवात केली तेव्हा पापेनचा सचिव त्याच्याच ऑफिसात गोळी घालून मारला गेला आणि हे महाशय नजरकैदेत. त्यानंतर निमूट राजदूत म्हणून नोकरी केली त्याच हिटलरची.

तर तुझं ‘चूक’ मला बरोबर वाटतं. पण एक मार्काच्या चौकटीत मावणारा प्रश्नच नाही हा.

पंचवटी : मी रोज नाशिक-मुंबई अप-डाउन करतो. ट्रेनमध्ये ग्रुपमधले एक जण कायम म्हणतात की मुसोलिनीच्या काळात इटलीतल्या गाड्या घड्याळ लावून घ्यावं अशा धावायच्या, आपल्याकडे पण आणीबाणीत तसंच होतं. मी काय उत्तर देऊ?

कसारा घाटात गाडी उभी असताना हे वाक्य कुणाच्याही तोंडी येऊ शकतं त्यामुळे त्यांना माफ करा.

इटलीतल्या परदेशी टुरिस्टांच्या मोठ्या एक्सप्रेस गाड्या चांगल्या धावत होत्या, गावाकडच्या गाड्या पहिल्यासारख्याच रखडत होत्या, आणि महायुद्धात मोडलेल्या रेल्वेची बरीच दुरुस्ती मुसोलिनी यायच्या आधीच झालेली. श्रेय मात्र त्याने घेतलं, उशिराची बातमी छापायला पेपर कुठे शिल्लक होते.

मला ट्रेनवरून दुसरीच गोष्ट सांगायचीय. ऑक्टोबर १९२२ चा तो प्रसिद्ध ‘रोमवर मोर्चा’. चित्रं अशी रंगवली की मुसोलिनी आपल्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांच्या पुढे चालत रोम जिंकायला निघालाय. प्रत्यक्षात तो मिलानमध्ये बसून होता, आणि राजाचं बोलावणं आलं तेव्हा रात्रीच्या ट्रेनच्या स्लीपर डब्यात झोपून रोमला आला! मोर्च्यातले लोक पावसात भिजत, धड शस्त्रं नाहीत, खायला नाही. रोममध्ये सैन्य तयार होतं. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम लिहून राजापुढे ठेवला. २८ ऑक्टोबरच्या सकाळी राजा व्हिक्टर इमॅन्युएलने सही करायला नकार दिला. बस, एवढंच. एक सही.

आणि ओसरी त्याच्याही आधी दिलेली. १९२१ च्या निवडणुकीत जियोलिट्टी नावाचे मुरलेले, पाच वेळा पंतप्रधान झालेले गृहस्थ, त्यांनी समाजवाद्यांना शह द्यायला मुसोलिनीच्या फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतलं, वाटलं खुर्चीची चव लागली की पोरं माणसाळतील. ३५ जण निवडून आले, पाचशेच्या वर जागा असलेल्या संसदेत. फक्त ३५. पुढच्या वर्षी मुसोलिनी पंतप्रधान, आणि विश्वासदर्शक ठरावाला ३०६ विरुद्ध ११६. मग कायदाच केला की ज्याला सगळ्यात जास्त मतं आणि किमान २५ टक्के मिळतील त्याला दोन तृतीयांश जागा. १९२४ मध्ये निवडणुकीतल्या गुंडगिरीवर संसदेत बोलला म्हणून मात्तेओत्ती या खासदाराला भर दुपारी रोममध्ये गाडीत कोंबून मारलं, सहा महिने देश हादरलेला, राजा हलला नाही, विरोधक संसद सोडून बाहेर बसले, आणि ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत उभं राहून सांगितलं जे झालं त्याची जबाबदारी माझी, काय करायचं ते करा. कुणी काही केलं नाही.

आता याच्या उलट. फिनलंड, १९३२. तिथेही लापुआ चळवळ म्हणून उजव्यांची कडवी संघटना, बंदुका घेऊन मॅन्त्साला नावाच्या गावात जमले, सरकार पाडा म्हणाले. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफ्वुद स्वतः कट्टर उजवा, कम्युनिस्टांचा वैरी, आदल्या वर्षी याच लोकांच्या पाठिंब्याने निवडून आलेला. सगळ्यांना वाटलं हा यांना सामील होणार. त्याने रेडिओवर भाषण केलं, घरी जा, जे साधे लोक जातील त्यांना काही करणार नाही, पुढाऱ्यांना सोडणार नाही. लोक गेले घरी. नंतर संघटनेवर बंदी. इटलीच्या राजाकडे यापेक्षा कितीतरी मोठं सैन्य होतं हो.

तेव्हा ग्रुपमधल्या त्या काकांना सांगा, गाडी वेळेवर होती की नाही यापेक्षा त्या रात्री तिकीट कुणी काढून दिलं ते बघा. ब्रसेल्समधला १९३७ चा किस्सा पण सांगा, देग्रेल नावाच्या तिथल्या फॅसिस्ट पुढाऱ्याने पोटनिवडणूक लावली तेव्हा कॅथलिक, लिबरल, समाजवादी, कम्युनिस्ट सगळ्यांनी मिळून एकच उमेदवार दिला, पंतप्रधानालाच उभं केलं, आणि देग्रेल १९ टक्क्यांवर आटोपला. एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष होते ते.

गंगापूर रोड : भोसला मिलिटरी स्कूल काढणारे डॉ. मुंजे मुसोलिनीला भेटले होते म्हणतात. खरं आहे का, की हा सोशल मीडियावरचा प्रचार?

खरं आहे. १९ मार्च १९३१ ला रोममध्ये भेटले, गोलमेज परिषदेहून परतताना. मुलांना लष्करी शिस्त लावणाऱ्या बालिला वगैरे संस्था पाहिल्या, आपल्या डायरीत कौतुकाने लिहून ठेवलं. भोसला स्कूल १९३७ ला सुरू झालं. त्यांच्या डोक्यात हिंदुस्थानी तरुणांना सैन्यात अधिकारी करायचं हे त्याआधीही होतं आणि ब्रिटिशांच्या लष्करी शाळाही त्यांनी पाहिल्या, त्यामुळे सगळं रोमहून आणलं म्हणणं जसं सोपं तसंच रोमचा काही संबंध नाही म्हणणंही सोपं, दोन्ही चूक.

आणि भेटलेले ते एकटे नाहीत. टागोर १९२६ ला इटलीला गेले, पाहुणचार झाला, नंतर तिथलं खरं कळल्यावर जाहीर निषेध केला. गांधीजी डिसेंबर १९३१ ला भेटले. सुभाषबाबू भेटले. नेहरूंनी १९३६ ला रोमवरून येताना भेट टाळली, बराच आग्रह झाला तरी. त्या काळात गुलाम देशातल्या माणसाला इंग्रजांना डोळे दाखवणारा कुणीही आकर्षक वाटायचा, हे समजण्यासारखं आहे. पण पाहुण्याला परेड दाखवतात. ज्या बेटांवर विरोधक डांबले होते ती दाखवत नाहीत, आणि ग्राम्शी हा निवडून आलेला खासदार १९२६ पासून आत होता तोही नाही दाखवत. माझं मत विचाराल तर मुंजेंनी जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त अर्धं पाहिलं.

सातपूर : सर, जर्मनीत हिटलर, इटलीत मुसोलिनी, मग जपानमध्ये हुकूमशहा कोण होता? तोजो?

तोजो पंतप्रधान झाला ऑक्टोबर १९४१ ला, तोवर जपान चीनमध्ये दहा वर्षं लढून झालेला. गंमत हीच आहे की तिथे एक हुकूमशहा नव्हता. निवडणुका होत होत्या, संसद होती. पण घटनेप्रमाणे सैन्य थेट सम्राटाच्या हाताखाली, मंत्रिमंडळाच्या नाही, आणि लष्करमंत्री सैन्यातलाच लागायचा. सैन्याने आपला मंत्री काढून घेतला की सरकार कोसळलं.

मंदीत अमेरिकेने रेशीम घेणं कमी केलं आणि जपानी शेतकरी झोपला, पोरी विकायची वेळ आली काही भागात. तिथल्याच गावातली पोरं सैन्यात अधिकारी. १८ सप्टेंबर १९३१ ला या अधिकाऱ्यांनी चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरियात मुकदेनजवळ रेल्वेरुळावर स्वतःच छोटा स्फोट केला, चिन्यांवर ढकलला आणि मुलूख घ्यायला सुरुवात केली. टोकियोला विचारलं नाही. टोकियोने नंतर मान डोलावली. पंतप्रधान इनुकाईंना मे १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी घरात घुसून गोळ्या घातल्या, आणि खटल्यात लोकांनी मारेकऱ्यांसाठी दयेचे अर्ज केले, पोतीच्या पोती, शिक्षा हलक्या झाल्या. पुढे कोणता पंतप्रधान सैन्याला नाही म्हणेल?

जुलै १९३७ ला चीनशी पूर्ण युद्ध. त्याच युद्धात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, बाकीचे परतले, ते तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. म्हणून मी म्हणतो की दुसरं महायुद्ध पोलंडपासून मोजायचं हा युरोपचा हिशोब झाला, चिन्यांना विचाराल तर दोन वर्षं आधीपासून चालू होतं.

इंदिरानगर : तुम्ही फक्त हिटलर मुसोलिनी करता. स्टॅलिनचं नाव घ्यायला भीती वाटते का?

नाही हो. १९३२-३३ चा युक्रेनचा दुष्काळ हा धान्य जबरदस्तीने उचलल्यामुळे पडला, लाखो लोक मेले. १९३७-३८ या दोन वर्षांत गोळ्या घातलेलेच जवळपास पावणेसात लाख, त्यांच्याच कागदपत्रांप्रमाणे. सैन्यातल्या पाच मार्शलपैकी तीन संपवले. २३ ऑगस्ट १९३९ ला याच स्टॅलिनने हिटलरशी करार केला, पोलंड अर्धं अर्धं वाटून घ्यायचं गुप्त कलम त्यात होतं, नऊ दिवसांनी युद्ध. घेतलं नाव. खाली अजून एकदा येईल.

सिडको : एवढं सगळं दिसत असताना इंग्लंड फ्रान्सने वेळेत थांबवलं का नाही? की त्यांना हवंच होतं?

ताई, हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय.

मंचुरियाचं प्रकरण राष्ट्रसंघात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात काढलेल्या देशांच्या संघटनेत, गेलं, समिती नेमली, अहवाल यायला वर्ष लागलं, फेब्रुवारी १९३३ मध्ये ४२ विरुद्ध १ मतांनी जपानला दोषी धरलं, तो एक म्हणजे स्वतः जपान. त्यांचा प्रतिनिधी उठून निघून गेला. मंचुरिया त्यांच्याकडेच. आपल्याकडे म्हणतात ना म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. रोममध्ये आणि बर्लिनमध्ये बसलेले दोघे हे बघत होते.

ऑक्टोबर १९३५ ला मुसोलिनीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला. या वेळी राष्ट्रसंघाने निर्बंध लावले, पण यादीतून तेल वगळलं! रणगाडे आणि विमानं कशावर चालतात हे काय त्यांना माहीत नव्हतं? सुएझ कालवा इंग्रजांच्या हातात, इटलीचं सगळं सैन्य त्यातूनच जात होतं, तोही उघडा. भीती ही की मुसोलिनी चिडून हिटलरकडे जाईल. विषारी वायू टाकला त्याने, अनवाणी सैनिकांवर. मे १९३६ मध्ये राजधानी पडली, सम्राट हेले सेलासी जिनिव्हात येऊन बोलले, इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. आणि मुसोलिनी शेवटी हिटलरकडे गेलाच.

सगळे जिनिव्हाकडे बघत असताना ७ मार्च १९३६ ला, शनिवार होता, हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे फ्रान्सला लागून असलेल्या जर्मन पट्ट्यात, सैन्य घातलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या कराराप्रमाणे तिथे जर्मन सैनिक ठेवायचा नाही असं होतं. त्याचं सैन्य तुटपुंजं, फ्रान्स पुढे आला तर मागे फिरा असा हुकूम. फ्रान्सकडे युरोपातलं सगळ्यात मोठं सैन्य. पण निवडणूक दोन महिन्यांवर, काळजीवाहू सरकार, सेनापती म्हणतात पूर्ण सैन्य बोलवावं लागेल, इंग्लंड म्हणतं तो आपल्याच अंगणात गेलाय ना. राहिलं.

आणि आपण त्यांना भित्रे म्हणून मोकळे होतो ते मला पटत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांच्या वर सैनिक मेले होते, इंग्लंडचे सात लाखांच्या वर, गावागावात स्मारकाच्या दगडावर नावं. त्या आयांना अजून एक मुलगा दे म्हणून कोण सांगणार? चेंबरलेन मूर्ख नव्हता, घाबरलेल्या देशाचा घाबरलेला पंतप्रधान होता. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याची वस्तू देऊन टाकतो. सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये चार जण बसले, हिटलर, मुसोलिनी, इंग्लंडचा चेंबरलेन, फ्रान्सचा पंतप्रधान दलादिए, आणि चेकोस्लोव्हाकियाचा डोंगराळ सरहद्दीचा भाग हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा देश त्यांना बैठकीत बोलावलंसुद्धा नाही. स्वित्झर्लंड सोडलं तर मध्य युरोपात तेवढी एकच लोकशाही उरली होती. त्या डोंगरात चेकांची पक्की तटबंदी होती, ती एक गोळी न झाडता गेली. लंडनमध्ये लोकांनी चेंबरलेनला डोक्यावर घेतलं, राजाने राजवाड्याच्या गॅलरीत शेजारी उभं केलं. साडेपाच महिन्यांनी, १५ मार्च १९३९ ला, हिटलर प्रागमध्ये. पिल्सनचा स्कोडाचा तोफा-रणगाड्यांचा कारखाना आयता मिळाला, आणि पुढच्या वर्षी फ्रान्सवर जे जर्मन रणगाडे चालून गेले त्यात चेक बनावटीचे होते. म्युनिकला देऊन टाकलं ते असं परत आलं.

स्टॅलिन तर म्युनिकच्या बैठकीलाही नव्हता. त्याने अर्थ काढला की हे लोक हिटलरला पूर्वेकडे ढकलतायत. पुढच्या ऑगस्टचा करार त्यातूनही आला, पोलंडची अर्धी भाकर खायची हाव होतीच, पण हेही होतं.

देवळाली कॅम्प : मी आर्टिलरीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले एवढंच घरात माहीत आहे. आपल्या माणसांचं या सगळ्यात काय होतं ते तुम्ही लिहिलंच नाही.

सुभेदार साहेब, चूक मान्य.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं, इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता. लोकशाहीसाठी युद्ध म्हणायचं आणि आम्हाला विचारायचं नाही, म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, मुंबईत बाळासाहेब खेरांचं सरकार होतं तेही गेलं. तरी युद्ध संपेपर्यंत आपले २५ लाख लोक सैन्यात होते, सगळे स्वखुशीने भरती झालेले, स्वखुशीत पोटाचा भाग किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. १९४३ ला बंगालमध्ये माणसं अन्नावाचून लाखांनी मेली तेही याच युद्धात.

मुसोलिनीने ज्या इरिट्रियातून अ‍ॅबिसिनियावर स्वारी केली होती तिथल्याच केरेनच्या डोंगरावर १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठा पलटणी लढल्या. केरेन पडलं, आणि ५ मे १९४१ ला हेले सेलासी परत आपल्या राजधानीत शिरले, ती पडल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. जिनिव्हाच्या ठरावाने जे झालं नाही ते सातारा-रत्नागिरीच्या पोरांनी, पंजाबी आणि इतर पलटणींबरोबर, करून दाखवलं, आणि ते स्वतः मात्र गुलाम देशाचे.

आजोबा इटलीत होते म्हणता तर ही दोन नावं त्यांच्या तोंडी नक्की असणार. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, युरोपातलं युद्ध संपायला महिनाच राहिला होता. कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. बरोबरची माणसं पडली, दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगाच्या पट्ट्यातून पाठीवर मागे आणलं, मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन गप्प केल्या, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. ते जिवंत परतले. त्यांचं गाव निमज, संगमनेर तालुका. नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर लागतं, तिथून जवळच आहे.

आजोबांचा पलटणीचा नंबर घरातल्या जुन्या ट्रंकेत कुठे कागदावर किंवा पदकाच्या कडेला कोरलेला असेल तर मला कळवा. पदकाच्या कडेला बघायचं बऱ्याच जणांचं राहून जातं.